खालचं सुकलेलं, वरचं ओलं

मित्रानं खोका टेबलावर ठेवला आणि झाकण न उघडताच म्हणाला, "मस्टँग आहे. रंग झालाय, डिकल्स बसलेत, वरून ग्लॉसही मारून झालाय. फक्त वॉश राहिलाय. तेवढा तू दे." मी म्हटलं, "इथवर आणलंस, मग शेवटचंच माझ्या गळ्यात का?" तर म्हणाला, "माझ्याच्यानं नाही होत गं. इतकं स्वच्छ झालंय, हात लावायला जीव धजत नाही." वॉश म्हणजे खाचांत मळ साचल्यासारखा दिसावा म्हणून द्यायचा पातळ, गढूळ रंग; डिकल्स म्हणजे विमानावर चिकटवायची चिन्हं; ग्लॉस म्हणजे चकचकीत व्हार्निश. झाकण उघडल्यावर त्याचं म्हणणं पटलं. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लढाऊ विमानाचं 1/48 मापाचं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्श्याचं मॉडेल, नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम वीतभर. अंगभर चंदेरी, पण सगळीकडे एकच चंदेरी नाही. इंजिनाजवळचे पत्रे किंचित काळपट, पंख किंचित दुधाळ. वैमानिकाच्या डोळ्यांवर ऊन चमकू नये म्हणून नाकावर असते ती ऑलिव्ह पट्टी, तिची कड एका जागीही हललेली नाही. खिडकीशी धरलं तर पंखात माझी बोटं दिसत होती. मग मी विचारायचं ते विचारलं. "ग्लॉस कुठला मारलायस?" "ग्लॉस म्हणजे... ग्लॉस." "अ‍ॅक्रिलिक, एनॅमल की लॅकर?" व्हार्निशच्या या तीन जाती, प्रत्येकीचं थिनर वेगळं. तो छताकडे बघायला लागला. रंगवून बरीच वर्षं झाली होती. तेवढी वर्षं ते विमान खोक्यात वॉशची वाट बघत पडून होतं, आणि व्हार्निशची बाटली केव्हाच संपून कचऱ्यात गेली होती. आठवत नाही, म्हणाला.

तो गेल्यावर मी खोका बंद करून कपाटात ठेवला. पण मन त्यातच. त्यानं काय मारलं होतं हे त्याला आठवत नव्हतं, ही अडचण तशी साधी. तिच्यावर उपाय असतो. मला कुरतडत होतं ते दुसरंच. इतका हातखंडा असलेला माणूस, ज्याला केसाएवढी रेघ ब्रशनं सरळ ओढता येते, तो एका पातळ, गढूळ थेंबाला का घाबरतो? आणि घाबरतो तर बरोबरच घाबरतो, असं मला आतून का वाटतं?

कारण वॉशमध्ये रंग नावापुरता असतो. बाकी सगळं थिनर. आणि कुठलंही थिनर कुणाच्या तरी रंगाचं रिमूव्हर असतंच. आपण विमानावर ब्रश टेकवतो तेव्हा खरं तर एक द्रावक ओतत असतो, आणि खालच्या थराला ते ओळखीचं निघालं तर संपलंच. चंदेरी पंखावर राखाडी चिखल, डिकलच्या कडा वर उचललेल्या, आणि पुसायला जावं तितकं ते आणखी पसरणार. यातली उतरंड मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असते: लॅकरचं थिनर सगळ्यांत जहाल, ते एनॅमललाही खातं आणि अ‍ॅक्रिलिकलाही. एनॅमलचं थिनर, म्हणजे आपलं व्हाइट स्पिरिट, त्यामानानं सौम्य. पूर्ण सुकलेल्या अ‍ॅक्रिलिकला आणि लॅकरला ते काही करत नाही, पण एनॅमलवर एनॅमलचाच वॉश दिला की दोन्ही थर एकमेकांत मिसळायला लागतात. पाण्यातला वॉश सगळ्यांत गरीब. तोंडपाठ असतं, पण समोरच्या व्हार्निशची जातच ठाऊक नसेल तर पाठांतराचा उपयोग काय?

म्हणून चाचणी. विमान उलटं केलं. मस्टँगच्या पोटाखाली रेडिएटरची ती मोठी पिशवी असते, तिच्या मागच्या झडपेच्या आतल्या बाजूला सहसा कुणाची नजर जात नाही. तिथे आधी व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून टिपलेली कापसाची काडी. हलकेच फिरवली, दहा आकडे मोजले, बघितली. कोरी करकरीत. म्हणजे वरचा थर एनॅमल नाही, निदान सहज सुटणारा तरी नाही. मग थोडं बाजूला, आयसोप्रोपिल अल्कोहोलची काडी. ही दोन-तीन फेऱ्यांत किंचित चिकटायला लागली, कापसाचे तंतू पृष्ठभागावर अडकले, पण काडीवर चंदेरीचा मागमूस नाही. इथे मला जो आनंद झाला तो बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. अल्कोहोलला विरघळतंय म्हणजे व्हार्निश अ‍ॅक्रिलिक. आणि व्हार्निश नरम पडूनही खालची चांदी ढिम्म हलली नाही म्हणजे ती बहुधा लॅकर. त्याला स्वतःला आठवत नव्हतं ते त्याच्या विमानानं सांगितलं. एनॅमलचा किंवा ऑइलचा वॉश द्यायला हरकत नव्हती.

तरीही खोका पुन्हा कपाटात गेला.

ग्लॉस कशासाठी, हे मला फार उशिरा उमगलं; म्हणजे करत आले होते, पण का ते माहीत नव्हतं. ग्लॉस खालच्या रंगाचं रक्षण करतो इतकंच मला ठाऊक होतं. पण ते अर्धंच खरं आहे. द्रव अरुंद फटीत आपसूक ओढला जातो. फट जितकी अरुंद, ओढ तितकी जास्त. पॅनेल लाईन म्हणजे पत्र्यांचे सांधे दाखवणारी रेघ. तिच्या एका टोकाला ब्रशचं टोक टेकवलं की गडद रेघ स्वतःच्या पायांनी पळत सुटते, वळणावर वळते, कोपऱ्यात थबकते, पुन्हा पुढे जाते. या छंदात इतकं निर्मळ सुख दुसरं नाही. आता मॅट पृष्ठभाग म्हणजे काय? त्यात सिलिकासारखी बारीक भुकटी असते, तिच्यामुळे तो खडबडीत होतो आणि उजेड विखुरतो. म्हणजे मॅट रंगाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमध्ये असंख्य बारीक खळगे, आणि त्यातला प्रत्येक खळगा ही वॉशला ओढून घेणारी एक इवली फट. तिथे रेघ पळत नाही. थेंब टेकल्या जागी पसरतो आणि डाग धरून बसतो. पुसला तरी खळग्यांतला रंग निघत नाही. कुणी म्हणेल, मग मुद्दाम मॅटवर द्यावा, आपोआप जुनाट दिसेल. दिसतं. रणगाड्यावर कधीकधी मी ते करतेही. पण ते जुनेपण आपण ठरवलेलं नसतं, खळग्यांनी ठरवलेलं असतं.

आणि ग्लॉस सुकलेला असावा लागतो. हाताला कोरडा लागतो त्याला सुकणं म्हणत नाहीत. अ‍ॅक्रिलिकला निदान एक अख्खा दिवस, जमल्यास दोन. एनॅमल ग्लॉस असेल तर त्याहून कितीतरी जास्त. नाकाजवळ नेऊन वास घ्यायचा; वास येत असला तर अजून काहीतरी उडून जातंय, अजून थांबायचं. या एका बाबतीत मित्राच्या विमानाला तोड नव्हती. वर्षानुवर्षं सुकत पडलेलं व्हार्निश. त्याच्या भीतीनं नकळत सगळ्यांत चांगली तयारी करून ठेवली होती.

लहानपणी आमच्या घरी पहिलं किट आलं ते दादाचं. त्यावर पॅनेल लाईन खोदलेल्या नव्हत्या, वर उचललेल्या होत्या. बोट फिरवलं की बारीक कंगोरे लागायचे. जुन्या किटांमध्ये तसंच असायचं. वॉश नावाचा प्रकार तेव्हा आम्हाला माहीत नव्हता, पण माहीत असता तरी कंगोऱ्यावर तो थांबला नसता, दोन्ही बाजूंना घरंगळून साचला असता. दादानं विमान जोडलं, चकचकीत एनॅमलनं रंगवलं, आणि कपाटावर इतक्या उंच ठेवलं की मला फक्त त्याचं पोट दिसायचं. माझ्याकडे होत्या पत्र्याच्या छोट्या गाड्या. त्या मी फरशीवर, कठड्यावर, उंबऱ्यावरून पळवल्या. त्यांचा रंग सगळीकडे सारखा गेला नाही. बॉनेटची पुढची धार, छताचे चार कोपरे, दारांच्या कडा, जिथे माझी बोटं आणि फरशी लागायची तिथेच आधी धातू उघडा पडला. खोलगट जागी, काचांच्या चौकटीत, चाकांच्या वरच्या कमानीत काळं काहीतरी जाऊन बसलं, ते कधीच निघालं नाही. पुढे या छंदात पडल्यावर कडा झिजवायच्या आणि खाचा भरायच्या ही दोन कामं लोक इतक्या गंभीरपणे शिकवतात, त्याचं मला हसू यायचं. मी ते वयाच्या सहाव्या वर्षीच करून बसले होते, आणि ओरडाही खाल्ला होता.

तेव्हापासून असेल, मला घाण बघायची सवय आहे. म्हणजे स्वच्छतेचा किडा नव्हे. घाण कशी बसते ते बघायचं. ट्रकच्या डिझेलच्या टाकीखाली झाकणापासून खाली ओघळलेली काळी लकेर असते. ती वरती अरुंद आणि ठळक, खाली रुंद आणि पुसट. जिन्याच्या कठड्यावर हात पडतो तिथला रंग उडून गेलेला, आणि त्याच्याच खालच्या गजांच्या सांध्यात धूळ-तेलाचा थर. पावसाच्या पाण्यानं भिंतीवर उमटलेले ओघळ खिडकीच्या कोपऱ्यातूनच सुरू होतात, मध्यातून नाही. सिग्नलला उभी असताना मी शेजारच्या गाडीच्या मडगार्डकडे इतकी निरखून बघते की आतला माणूस अस्वस्थ होतो. त्याला काय सांगू, की तुमच्या चिखलाचे शिंतोडे फार सुंदर आहेत?

घाणीला कारण असतं आणि दिशा असते. वॉश देताना एवढं ध्यानात असलं तरी पुरतं. उडणाऱ्या विमानावर तेल पुढून मागे जातं, उभ्या विमानावर पाणी वरून खाली. विमानवाहू जहाजावरची विमानं खाऱ्या हवेत राहतात. गंज दिसला की तिथेच घासून नव्या रंगाचा ठिगळ मारतात, म्हणून त्यांची घाण ठिगळांची असते. प्रवासी विमानाला मात्र पॅनेल लाईन गडद केल्या की ते लगेच खेळणं वाटायला लागतं. मापाचं गणित तर कुणी करतच नाही. किटवरची खोदलेली रेघ समजा 0.2 मिलिमीटर रुंद आहे. 48 नं गुणलं की होतात 9.6 मिलिमीटर. खऱ्या विमानाच्या दोन पत्र्यांमध्ये एवढी फट असती तर वैमानिकानं ते जमिनीवरून उचललंच नसतं. तिथे जेमतेम मिलिमीटरभर जागा असते. म्हणजे रेघ आधीच कितीतरी पट जाड, आणि त्यात आपण काळा रंग भरायचा! काळा मी वापरतच नाही. चंदेरीसाठी पेन्स ग्रे आणि थोडा बर्न्ट अंबर, पांढऱ्या विमानासाठी नुसता फिकट राखाडी, हिरव्यासाठी रॉ अंबर. खालच्या रंगाहून दोन पायऱ्या गडद, बस.

यातही लाटा येऊन गेल्या. 1970 च्या दशकात शेपर्ड पेन या अमेरिकी कलावंतानं मोनोग्राम कंपनीच्या किटांसोबत येणाऱ्या पत्रकांतून लोकांना मॉडेल मळवायला शिकवलं. मग बेल्जियमच्या फ्रँस्वा व्हर्लिंडेनचा जमाना आला, सगळीकडे गडद वॉश आणि वर ड्रायब्रशिंग, म्हणजे जवळपास कोरड्या ब्रशनं उंचवटे उजळणं. पुढे स्पेनमधून मिग हिमेनेझ आणि त्याच्या बरोबरीच्या मंडळींनी ऑइल रंग, फिल्टर म्हणजे अंगभर द्यायचे अतिपातळ रंग, रंगद्रव्यांच्या भुकट्या अशी काही उधळण केली की रणगाडे चित्रासारखे दिसू लागले. मला ते आवडतं, आणि पटत नाही. एकेका रणगाड्यावर इतका गंज असतो की तो कारखान्यातून निघून पन्नास वर्षं समुद्रात बुडून होता असं वाटावं. प्रत्यक्षात दुसऱ्या महायुद्धातल्या कित्येक वाहनांचं आणि विमानांचं आयुष्य काही महिन्यांचंच होतं. काही महिन्यांत चिखल लागतो, तेल सांडतं, पायऱ्यांवरचा रंग उडतो. जाड पोलाद कुजत नाही.

मस्टँगच्या बाबतीत तर गंमत आणखी पुढे जाते. 26 ऑक्टोबर 1940 ला पहिल्यांदा उडालेल्या या विमानाचा पंख लॅमिनार पद्धतीचा. त्यावरून हवा शक्य तितकी न ढवळता जावी अशी त्याची आखणी. मधे एक रिव्हेट वर आला किंवा पत्र्याची फट राहिली तरी त्या आखणीचं नुकसान. म्हणून कारखान्यातच पंखाच्या पुढच्या सुमारे 40 टक्के भागातले सांधे आणि रिव्हेट पुट्टीनं भरून, घासून, वर चंदेरी रंग मारत. माझ्या मित्राचे पंख दुधाळ का होते ते लक्षात आलं ना? धड उघड्या धातूचं, पंख रंगवलेले. त्याला हे ठाऊक होतं, त्यानं बरोबर रंगवलं होतं. पण किट बनवणाऱ्यांनी पंखावर पुढून मागेपर्यंत सगळ्या रेघा इमानदारीनं खोदलेल्या होत्या, आणि त्यानं त्या बुजवल्या नव्हत्या. आता वॉश दिला की खऱ्या विमानावर नसलेल्या रेघा उमटणार. नाही दिला तर पुढचा पंख कोरा.

मी त्याला फोन केला. "पंखाच्या पुढच्या भागात वॉश देणार नाही." "का?" "तिथे पुट्टी असते." पलीकडे बराच वेळ शांतता. "पण मग ते अर्धवट वाटेल गं. लोक म्हणतील विसरली." "लोकांना म्हणावं, वाचा." "मशीनगनच्या झाकणांना तरी देशील ना?" हे त्याचं बरोबर होतं. दारूगोळा भरायला झाकणं उघडावीच लागायची, त्यांच्या कडा पुट्टीनं बुजवून कसं चालेल? इंधनाच्या टाकीचं बुचही तसंच. मग आम्ही दोघांनी फोनवर, एकेक रेघ घेऊन, ही द्यायची, ही नाही, असं ठरवलं. जो माणूस हात लावायला तयार नव्हता तो एकाएकी कुठे घाण असावी यावर माझ्याशी हुज्जत घालत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडक्या उघडून बसले. ऑइल रंग ट्यूबमधून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढला आणि तासभर तसाच ठेवला. पुठ्ठा त्यातलं जवसाचं तेल पिऊन घेतो, रंग मॅट होतो आणि लवकर सुकतो. मग बिनवासाच्या स्पिरिटमध्ये चिमूटभर. किती पातळ? भांड्याच्या कडेला ब्रश टेकवला की ओघळ खाली यावा आणि त्यातून भांडं दिसावं. पहिला थेंब एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीच्या, बिजागरीत. ते खोबण मुळात खोल, तिथे खरोखरच अंधार असतो, चुकायला जागा नाही. ब्रश टेकवला. रेघ पळाली. श्वास रोखला होता हे तेव्हा कळलं.

सगळ्या अंगावर वॉश फासून मग पुसत बसणारे लोक आहेत. त्यांचं बिघडतं असं नाही. पण जितका कमी द्रव, तितका कमी धोका, हे माझं साधं गणित. त्यातला एक धोका रंगाचा नाहीच, प्लास्टिकचा आहे. रंग न लागलेल्या जागी, आतल्या बाजूला, ताणाखाली असलेल्या सांध्यात द्रावक साचलं की पॉलिस्टायरीनला तडे जातात. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकचे भाग तर त्याहून नाजूक. वरून सगळं ठीक दिसतं आणि काही वेळानं चाकाचा पाय हातात येतो. म्हणून चाकांच्या खोबणीत ब्रश आधी टिपकागदावर टेकवायचा, मगच विमानाला. रेघेच्या सुरुवातीला, जिथे ब्रश टेकतो, तिथे हमखास एक छोटं डबकं उरतं. ते तसंच सुकू दिलं की कडेला गडद वर्तुळ, आत फिकट. 1997 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये कॉफीच्या सुकलेल्या डागाची कड गडद का होते यावर निबंध छापला, त्यातलं कारण इथेही लागू पडतं. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून बसते, बाष्पीभवन कडेला जास्त होतं, ती तूट भरायला मधला द्रव बाहेरच्या बाजूला वाहतो आणि जाताना रंगाचे कण सोबत नेतो. मॅटवर कड आणखी घट्ट चिकटते, म्हणून तिथे वर्तुळं जास्त. उपाय शास्त्रज्ञांना विचारायची गरज नाही: दुसऱ्या हातात कोरडा ब्रश तयार ठेवायचा आणि डबकं दिसताक्षणी टिपून घ्यायचं.

पुसायची वेळ ओळखणं मात्र हातालाच शिकावं लागतं. एनॅमलचा वॉश चमक सोडून मंद झाला की साधारण पाव ते अर्ध्या तासात पुसायला घ्यावा. ऑइल फार सोशिक. ते वाळतं ते हवेतला ऑक्सिजन घेत, दिवसेंदिवस, त्यामुळे दुपारी दिलेली रेघ रात्री जेवण झाल्यावरही बदलता येते. काडी ओली नको, दमट हवी. स्पिरिटमध्ये बुडवायची, मग कागदावर इतकी टिपायची की कागदावर ठसा उमटेनासा होईल. आणि नेहमी पुढून मागे, हवा जाते तसं. उरलेला रंग रेघेच्या मागे अगदी पुसट ओढला जातो, ते राहू द्यायचं. रेघेला आडवं पुसलं तर तो नुसता डाग होतो. पुसलेल्या चिंध्यांचा मात्र बोळा करून ठेवू नये. जवसाच्या तेलानं माखलेला कपडा आतल्या आत तापतो आणि पेटूही शकतो. पसरून वाळवायचा.

पुसता पुसता माझ्या ध्यानात आलं की या सगळ्या खटाटोपात मला आवडतं ते काय. खालचा थर असा हवा की तो कशानंही मागे जाणार नाही. वरचा असा हवा की कधीही मागे नेता येईल. दोघांमध्ये एक पारदर्शक पडदा, त्या दोघांची कधी ओळख होऊ न देणारा. रंग लावताना असं कधी होत नाही. रंग लावला की लावला. एकदा कोरलेली रेघ, एकदा चिकटवलेला पंख, एकदा बसलेलं डिकल, सगळं कायमचं. फक्त मळवण्याचं हे एक काम असं आहे की ते नको वाटलं तर पुसून सकाळच्या स्वच्छ विमानाकडे परत जाता येतं. मित्राला भीती वाटत होती ती स्वच्छपणा कायमचा जाईल याची. आणि त्याच्या हातून होणाऱ्या सगळ्या कामांत हेच एक होतं ज्यात काही कायमचं जात नव्हतं.

पण मग वाटतं, जे मागे नेता येतं त्याला काळाचा परिणाम म्हणायचं कसं? माझ्या पत्र्याच्या गाड्यांवरचं काळं निघत नव्हतं. ट्रकच्या टाकीवरची लकेर धुतली तरी सावलीसारखी राहते. आपण ब्रशनं लावतो तो काळ फार आज्ञाधारक असतो. नको म्हटलं की निघून जातो. यात थोडी लबाडी आहे हे मला मान्य आहे, आणि ती मला सुटत नाही. ज्या विमानानं कधी धावपट्टी पाहिली नाही, त्याच्या पंखाच्या मुळाशी मी मेकॅनिकच्या बुटांची झीज दाखवते. कोण होता तो मेकॅनिक? कुणीच नाही. तरी तो तिथेच पाय ठेवेल, दुसरीकडे नाही, याबद्दल माझी खात्री असते.

उजवी बाजू पूर्ण झाल्यावर मी त्याला बोलावलं. डावीवर वॉश टाकलेला होता, पण पुसलेला नव्हता. रेघांच्या आजूबाजूला राखाडी डाग, एकूण अवतार बघण्यासारखा. तो खुर्चीत बसला, हात पाठीमागे. मी त्याच्यापुढे काडी धरली. "पूस." "मी?" "लावायचं नाहीये, पुसायचंय. ते तर जमेल ना?" पुसणं म्हणजे स्वच्छ करणं, म्हणून तयार झाला. आधी भीतभीत, मग एकदा काडीवर फक्त करडं आलं, चांदी नाही आली, हे बघितल्यावर जोरात. पंख झाला, धड झालं, शेपटी झाली. थांबेचना. मी म्हटलं, "अरे, जरा राहू दे की काहीतरी." शेवटी डाव्या बाजूला रेघांमध्ये जेमतेम एक सावली उरली. माझी उजवी बाजू त्यापुढे मला स्वतःलाच थोडी भडक वाटायला लागली, म्हणून मी तिथेही एक काडी फिरवली. पण पूर्ण त्याच्याएवढं नाही गेले. दोन्ही बाजूंत फरक आहे. समोरून बघितलं तर कळतो. एका बाजूनं बघितलं तर कळायचं कारण नाही, आणि फडताळात विमान एका बाजूनंच दिसतं. कुठली बाजू बाहेर ठेवायची हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आता वाद उरलाय तो वरच्या कोटाचा. विमान चंदेरी, त्यामुळे सगळ्यावर मॅट मारायचा प्रश्नच नाही. सॅटिनचा, म्हणजे अर्धवट चमकीच्या व्हार्निशचा, एक हात पुरे, आणि तोही ऑइल नीट वाळल्यावर, लांबून, अगदी हलका. अ‍ॅक्रिलिक सॅटिन घेतला तर खालच्या ऑइलला धक्का नाही. पण नाकावरची ती ऑलिव्ह पट्टी मॅटच हवी, चमकली तर तिच्या असण्यालाच अर्थ नाही. तो म्हणतो, टेप लावून एअरब्रशनं मारू, कड सुरेख येईल. मी म्हणते, टेप काढताना तिच्यासोबत वॉश निघून येईल. सपाट ब्रशनं हातानंच लावू, पट्टी आहेच केवढी. त्याला ब्रशचे ओरखडे दिसतील अशी भीती, मला टेपची. सध्या एका जुन्या, मोडक्या पंखावर दोन्ही करून बघायचं ठरलंय. त्या पंखाला ग्लॉस मारून झालाय, अ‍ॅक्रिलिकचा, आणि या खेपेला बाटलीवरचं नाव त्यानं पंखाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.